पेटीचं कुलूप

—न्हाई न्हाई साहेब, आधी कुलूप बगा, मग तुमची ती फाईल उघडा. हात लावून बगा. ओढा की जोरानं—ओढा, लाजू नका. सागवानी पेटी हाय, आमच्या सोनईच्याच सुतारानं केलेली. आत फोन, वर कुलूप, आन किल्ली कुठं? ही बगा. करदोड्याला. आंघोळीलासुदिक निघत न्हाई. फोन आला की घंटी आतनं ऐकू येती, मी येतो, उघडतो, बोलतो, परत लावतो. मी दुकानात आसलो तर वाजून वाजून गप होती. आता तुमीच सांगा—टेलिफोन खात्याचे इन्स्पेक्टर तुमी, नगरहून एवढ्या लांब आलाय, शिकलेलं मानूस—पेटीला कुलूप, किल्ली माझ्या कंबरंला, तर मग ह्या घरातनं पुन्याला फोन केला कुनी? भुतानं? म्हनून तर अर्ज दिला मी. लायनमन रंभाजीनं माझी लाईन खांबावरनं कुन्या बूथवाल्याला जोडून दिली, आशी माझी तक्रार हाय. लेखी. खाली सही. त्याची चौकशी करायला तुमी आलाय, तर त्याची करा—माझी काय करता?

बसा, बसा. मी काय रागानं बोलत न्हाई, माझा आवाजच आसा हाय. बी-बियान्याच्या दुकानात वीस वर्सं गिऱ्हाइकाशी बोलून घसा आसा झालाय, कुनालाबी इचारा, आबासाहेब बोलला की बाजारपेठेच्या त्या टोकाला ऐकू जातं. दीपा! अगं साहेबांना चहा टाक—लेक माझी. नगरच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली. एकुलती. तिची आई, झुंबरबाई, माहेरी गेलीय, शिंगनापूरला. शिंगनापूर तुमाला ठावं आसंल, हितनं हाकेवर, तिथं घराला दारंच न्हाईत, कुलूप तर लांबची गोष्ट. ही पेटी घरात आली त्या दिवशी माउली माझ्याकडं बघतच राह्यली. म्हनली, ज्या गावात तिजोरीला कुलूप न्हाई त्या गावची मी, आन तुमी फोनला लावताय? फोनला कुठं, पोरीला लावताय म्हना की. आन पिशवी भरून गेली. म्हनजे—तशी काय रुसून न्हाई गेली. भावाकडं काम हुतं. ते लिहू नका तुमी, बायकांचं बोलनं कशाला लिहिता.

बिलाचं म्हनता? बिलाचंच तर सांगतोय—साडेतीन हजार कॉल, साहेब! दोन म्हैन्यात! पैशाचं काय न्हाई, पैशे मी आज भरतो, पन साडेतीन हजार कॉल करायला मानसं किती लागतील, तेवढं सांगा. रोज साठ बार नंबर फिरवायचा म्हनलं तर बोटं झिजतील. म्हनून मी म्हनलं, हे घरातल्या मानसाचं काम न्हवं, माझ्या लायनीवर कुनीतरी अख्खा एसटीडी बूथ चालवलाय—काय? कॉल म्हनजे फोन न्हाई? मग काय कॉल म्हनजे? थांबा, हळू सांगा, मला माझ्या हिशोबानं घेऊ द्या. लांबचा नंबर लागला की तुमचं मीटर ठराविक सेकंदाला एक टिक मारतं. बरं. आन त्या एका टिकीला तुमी बिलावर एक 'कॉल' लिहिता. मग फोन एकदाच लावला आन अर्धा तास धरून ठिवला, तर साठेक कॉल पडले? फोन एक, कॉल साठ? मग तसं लिवा की बाबांनो, टिकी म्हना, आकडे म्हना, कॉल कशाला म्हनता—मानूस घाबरून अर्ज नको करायला? आन बोललंच न्हाई, नुसतं कानाला धरून बसलं तर? तरी पडत्यात? मुक्यानं धरला तरी? वा रे वा. आमच्याकडं गिऱ्हाईक बियानं न घेता तासभर बसून गेलं तर आमी वर चहा पाजतो.

हा कसला कागद? यादी? आता ह्या नव्या एक्स्चेंजात आशी यादीबी निघती म्हना की. आना हिकडं. चष्मा—हां. एकच नंबर. पुन्याचा. सगळीकडं त्योच. येळ पहाटं साडेपाच. साडेपाच, पाच एकतीस, साडेपाच. अर्धा तास. एकोनतीस मिंट. अर्धा तास. अठ्ठावन्न दिस, एक दिस खाडा न्हाई, माझ्या—माझ्या मुंजाबाच्या नैवेद्याच्या दिवशीसुदिक. झाकून ठिवा तो कागद. झाकून ठिवा म्हनतो ना. चहा येईल एवढ्यात, सांडंल त्याच्यावर.

आता बूथवाला पहाटं उघडतो का, मला काय म्हाईत! आसंल कुनी लवकर उठनारं. तुमी प्रश्नच उलटे इचारता. रंभाजीला बोलवा, त्याला इचारा. त्याला खांबावर चढायचं बंद करून तुमी ऑफिसात बसवून ठिवलाय, आन तुमच्या रिपोर्टावर त्याची नोकरी हाय म्हनं—त्याची बायको बनाबाई काल आल्ती. फाटकात उभी राह्यली. आत ये म्हनलं तर आत येईना, काय बोलंना, अर्धा तास उभी राहून गेली. शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं. आन एक सांगतो, रंभाजी बौद्धवस्तीतला, म्हनून मी त्याचं नाव घेतलं आसं जर कुनी तुमच्या कानावर घातलं आसंल, तर ते सपशेल खोटं. आमच्या घरात तसलं काय न्हाई. ब्यान्नवला ह्या घरात फोन त्यानंच आनला, भर उन्हात तार वढली, हितं बसून आमच्याच कपात चहा प्याला—म्हनजे तवा कप येगळा हुता, ते माझ्या आईमुळं, आई गेल्यावर मोडलं ते. मोडलंच की. पन मला सांगा, दुसऱ्या कुना लायनमनचं नाव घ्यायचं आसतं तर मला एवढं सोपं गेलं आसतं का—

काय बोललो मी? काय न्हाई. पुढं इचारा.

पेटी का केली? आता हे काय इचारनं झालं? लोक करत्यातच. सरपंचाच्या घरी हाय, डॉक्टरच्या दवाखान्यात हाय. येनारं-जानारं कुनीबी उचलतं आन एसटीडी लावतं, म्हनून. आमच्याकडं कोन येतं-जातं? तसं कुनी न्हाई. आमी तिघंच. न्हाई, बायकोला नंबर फिरवता येत न्हाई. साहेब, तुमाला लेक हाय का? लहान हाय? मग तुमाला न्हाई कळायचं. नगरला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायला एक हुता, योगेश म्हनून. चांगला हुशार पोरगा, मी न्हाई म्हनत न्हाई. पुन्याला नोकरी लागली त्याला. मग गेल्या दिवाळीत मी दुकानातनं अवचित घरी आलो तर हितं ह्याच खुर्चीत दीपा, कानाला फोन, आन मला बघून तिनं तो आसा ठिवला, की—ठिवायची एक पद्धत आसती बगा, मानसाला कळतं. मी तिला एक शब्द बोललो न्हाई. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलवलं. लिहू नका! पेन खाली ठिवा आधी! ते नाव खोडा, माझ्यासमोर खोडा. कर्जतच्या पाव्हन्यांशी बोलनं झालंय, म्हैन्यावर साखरपुडा आलाय, आन त्यांचा सख्खा भाचा तुमच्याच नगरच्या ऑफिसात क्लार्क हाय, ठावं हाय ना तुमाला? तुमची ही फाईल ज्या टेबलावरनं जानार, त्याच टेबलावर त्यो बसतो. पहाटं पहाटं अर्धा अर्धा तास पुन्याला फोन, अठ्ठावन्न दिस, घरात लग्नाची लेक—तो कागद त्यानं वाचला की झालंच. म्हनून बूथ. म्हनून रंभाजी. बूथ म्हनलं की घराचा संबंध तुटला ना!

झालं. निघालं तोंडातनं. आता तुमी माझ्याकडं असं बघू नका. बापाच्या जागी उभं राहून बगा एकदा. आन रंभाजी काय धुतल्या तांदळासारखा हाय आसं समजू नका. बिल यायच्या आधी आल्ता माझ्याकडं, दुकानात. म्हनला, आबा, पहाटं लाईन तपासताना तुमच्या लायनीवर लई किरकिर ऐकू येती, पन बाहेरची न्हाई ती, तुमच्या घरातनं येती, दीपाताईला इचारा. व्हय, मला त्यानं सांगितलं हुतं! अर्जाच्या आधी. आता लिहा नायतर नका लिहू. पन त्यो मला सांगायला आला ते कशामुळं? कारन तार आत त्यानंच नेल्ती! मी मार्केटला गेल्तो, मागं येऊन ह्यानं तिच्या खोलीत दुसरा सॉकेट बसवला, फळीच्या मागनं, दिसनार न्हाई आसा. माझ्या घरात, माझ्या माघारी, माझ्या लेकीच्या खोलीत! मी एवढी सागवानी पेटी केली, मोठं कुलूप घातलं, आन तार कुलपाच्या मागनंच गेली. मग पहाटं गोठ्यात जाताना मला तिच्या खोलीतनं आवाज यायचा—आधी टिंव टिंव, मग घर्र, मग किर्र, कुनी पत्रा घासावा तसा—आन मग एकदम शांत. मला वाटायचं, बोलनं बाहेर ऐकू येऊ नये म्हनून मशीन वाजवती. आन शांत झालं की मी दाराला कान लावायचो. हो, लावायचो. अनवानी. अठ्ठावन्न दिस न्हाई, पन लई दिस. काहीच ऐकू यायचं न्हाई. एक शब्द न्हाई. मी म्हनायचो, किती हळू बोलत आसतील ही दोघं. फटीतनं बघितलं एकदा—कानाला ते काळं, हेडफोन का काय म्हनत्यात ते लावलेलं, डोळे मिटलेले, आन हसत हुती. एकटीच. कानात कुनीतरी बोलल्याशिवाय मानूस असं हसतं का?

तिनं काय सांगितलं? सांगितलं की. ह्या जानेवारीतच, नव्व्यान्नव लागलं तवाच. म्हनली, आबा, दुकानाच्या हिशोबाला कॉम्प्युटर घेतलाय तो नुसताच पडून हाय, मी त्याच्यावर पुन्याच्या कंपनीचं टायपिंग करते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल बोलून ठिवत्यात, ते फोनच्या तारेनं येतं, मी ऐकून लिहिते आन परत धाडते. आता तुमीच सांगा, ह्याच्यावर कुनी विश्वास ठिवंल का? अमेरिकेतला डॉक्टर सोनईत कशाला बोलंल? मी हसलो. म्हनलं, बापाला एवढं येडं समजू नको. तवापास्नं तिनं परत सांगितलं न्हाई. बिल आलं तवा म्हनली, आबा, ते मी भरते, माझंच हाय. बघा म्हनलं, कबूलच झाली.

आता हे आनखी काय काढलं? सॉकेटचा अर्ज? तुमच्या ऑफिसात? दाखवा. अक्षर दीपाचंच हाय. 'माझ्या राहत्या घरी, आतल्या खोलीत, जादा सॉकेट मिळणेबाबत'—आन खाली—ही सही माझी हाय. माझीच. आ-चा शेपूट बगा. ती रोज संध्याकाळी दुकानाचे कागद पुढं ठिवती, मी सह्या करत जातो. वाचतो कुठं? लेक हाय माझी, तिचं काय वाचायचं... मग रंभाजी चोरून न्हाई आला. ऑर्डर घेऊन आल्ता. त्यो तर माझ्याच सहीनं आला.

न्हाई. न्हाई साहेब, तेवढं करू नका. तो नंबर लावू नका. मी हात जोडतो. मान्य की, चौकशीचा भाग आसंल, पन हितं नको, तुमच्या ऑफिसातनं लावा, मला मागनं सांगा. त्यानंच उचलला म्हनजे? 'हॅलो दीपा' म्हनला म्हनजे? मग ते तुमी ऐकलं, आन तुमी ऐकलं की ते झालं—आत्तापोतर ते नुसतं माझ्या मनातच हाय ना, मनातलं फिरवता येतं. कर्जतच्या लोकांना काय सांगू? तिच्या आईला काय सांगू? पेटी उघडा? उघडतो. थांबा, किल्ली—करदोडा वर घ्यावा लागंल. हं. घ्या. फिरवा तुमीच. मी हिकडं भिंतीकडं तोंड करून उभा राहतो.

लागला? वाजतोय? कोन हाय?

मला कशाला देता? मी न्हाई बोलनार त्याच्याशी. ऐका म्हनता? नुसतं ऐकू? आना.

हॅलो—

आरं.

आरं, ही तर तीच. तीच किरकिर. टिंव... घर्र... पत्रा घासल्यावानी. हॅलो! कोन बोलतंय? मानूस न्हाई? मशीन? पलीकडंबी मशीनच? हॅलो! म्हनजे हितनं मशीन बोलतं आन तिथनं मशीन ऐकतं, आन मधी मानूस कुनीच न्हाई. योगेश न्हाई. एवढे दिस मी दाराला कान लावून जे ऐकत हुतो, ते काहीच न्हवतं. आन त्याचं मीटर पडत हुतं? बोलनारं कोन, मीटरला कळत न्हाई—व्हय, तुमी मघाशी सांगितलं, मुक्यानं धरला तरी पडतं. पन मग पहाटं का, साहेब? चोरी न्हवती तर आंधारात उठून का? ... पाव रेट? रात्री अकराच्या पुढं सकाळी सहापोतर मीटर हळू पळतं? दिवसा लावला आसता तर चौपट पडलं आसतं? म्हनजे ती... थंडीत साडेपाचला उठत हुती ती... माझ्यावर बिल कमी पडावं म्हनून उठत हुती? आन मी म्हनत हुतो, बापाची झोप बघून उठती.

दीपा. अगं, तू कवा आलीस?

चहा ठिव तिथं. कितीक येळ उभी हायेस तू? दीपा, साहेब काय इचारत हुते ते—माझं बोलनं जरा—ऐकलंस का सगळं? ऐकलंच आसंल, माझा आवाज बाजारपेठेपोतर जातो, तुझी खोली तर ही हितं. योगेशचं मी आपलं... अगं थांब. काहीतरी बोल. बापाला दोन शब्द बोल, बोल काय बोलायचं ते, साहेब काय परके न्हाईत—

गेली. बघितलं तुमी? काल बनाबाई गेली तशीच. दार लावलं न्हाई मातर. नेहमी लावती. आज उघडं टाकलंय. बसली बगा कॉम्प्युटरपाशी. आता भर दुपारी? साहेब, आता कोनता रेट हाय? पूर्ण? पूर्ण रेटानं लावतीय ती. माझ्यासमोर, तुमच्यासमोर. टिंव टिंव—हितं माझ्या कानातबी येतंय, ह्या फोनात! ती आतनं नंबर फिरवती आन मला हितं ऐकू येतंय. तार एकच की. एवढी वर्सं तार एकच हाय.

काय गं? काय म्हनलीस? ... फोन ठिवू? मी धरलाय म्हनून लागत न्हाई? व्हय व्हय, ठिवतो. ठिवला बाई. लाव तू.

लिहा साहेब. घ्या पेन. लायनमन रंभाजीवर मी लेखी आळ घेतला तो खोटा हाय. चूक म्हनू नका, चूक झाली म्हनलं की ती आपोआप झाल्यावानी वाटतं. खोटा हाय, ठावं आसून घेतला, आसं लिहा. त्यानं मला आधीच सांगितलं हुतं, तेबी लिहा. यादी जोडावी लागंल? जोडा. भाच्याला वाचू द्या. कर्जतचं काय हुईल ते हुईल, त्यावर बोलायला मला तोंड न्हाई आता. कुठं सही करू? वाचून करतो—वाचू द्या मला, घाई करू नका, ह्या घरात पयल्यांदाच वाचून करतोय. हं. घ्या. ह्या वाटंनं जाताना रंभाजीकडं... न्हाई, तुमी नका जाऊ. मी जाईन. माझं मी जाईन त्याच्या दारात.

पेटी? राहू द्या उघडी.

चहा गार झाला तुमचा. उठा आता, निघा. फाटक हळू लावा जाताना—श्श. ऐका. थांबली किरकिर. आता तिकडचा डॉक्टर बोलत आसंल आन ती ऐकत आसंल. मीटर पळतंय तर पळू द्या.

बोलू नका आता.